अडलं कुठी?

समोरच्या माणसाच्या शर्टाची वरची गुंडी लावलेली असली, की सर अस्वस्थ व्हायचे. बोलता बोलता त्यांची नजर त्या गुंडीवर जाऊन बसायची. माणूस ओळखीचा असला तर "भाऊ, जरा गळा मोकळा करा ना" म्हणायचे, अनोळखी असला तर मान वाकडी करून कॉलरच्या फटीतून पाहायची खटपट करायचे. अचलपूरला एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाच्या मानेवर चक्क टॉर्च मारला. मामा ठणठणीत निघाले, पण रुसले ते रुसलेच, पंगतीला काही बसले नाहीत. सरांना त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला आम्हाला म्हणाले, "त्या मामाच्या शिरा मस्त होत्या पोट्टेहो. अशा शिरा रोज दिसत नाहीत."

मी पुण्याहून अकोल्याला एमडी करायला आले तेव्हा सर तिथे मेडिसिन शिकवायचे. घर मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागा असलेलं. बोली अस्सल वऱ्हाडी, ती त्यांनी कॉलेजात बदलली नाही आणि परीक्षक म्हणून बाहेरगावी गेले तरी बदलली नाही. विद्यार्थ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. पहिल्याच दिवशी वॉर्डाच्या त्या टोकाकडून हाक आली, "ए पुणं, इकळे ये! ही बाई काहून दम टाकून राहिली, सांग."

माझ्या कानांना ती हाक भांडणासारखी वाटली. मला रडायलाच आलं. पुढे कळलं की हे त्यांचं प्रेमाचं बोलणं. खरोखर रागावले की सर 'आपण' म्हणायचे आणि शुद्ध पुस्तकी मराठी बोलायला लागायचे. "डॉक्टर, आपण रुग्णाला तपासण्याची तसदी घेतली आहे का?" असं वाक्य आलं, की सगळा वॉर्ड गार पडायचा.

राउंडला आले की आधी पंखे बंद करायला लावायचे. अकोल्याच्या मे महिन्यात. पंख्याच्या घरघरीत छातीतले आवाज कळत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. पेशंट, नातेवाईक, सिस्टर, आम्ही, सगळे घामानं निथळत उभे, आणि सर डोळे मिटून एखाद्या म्हाताऱ्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून बसलेले. एकदा एका नातेवाइकानं हळूच बटण दाबलं. सरांनी डोळे न उघडता सांगितलं, "भाऊ, तुमच्या बापाची छाती बोलून राहिली. तिले बोलू द्या."

त्यांच्या केबिनमध्ये दुपारी बाराच्या सुमारास डबा उघडायचा. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. राउंडला ज्याचं उत्तर चुकलं त्याला बोलावणं यायचं, "चुकला ना? चाल, भाकर खाले." बरोबर उत्तर देणारा वॉर्डात कामाला लागायचा आणि चुकलेला सरांच्या समोर बसून भाकर मोडता मोडता सगळं पहिल्यापासून शिकायचा. आमच्यातले दोघे-तिघे भूक लागली की मुद्दाम चुकायचे. सरांना ते कळत होतं, अशी माझी खात्री आहे.

सरांचा जीव जडला होता तो शॉकवर. शॉक म्हणजे आपण एरवी म्हणतो तो मनाचा धक्का नव्हे. रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात, लघवी थांबते, शरीराला रक्त पोचेनासं होतं, त्याला डॉक्टर शॉक म्हणतात. कुणी केसपेपरवर निदान म्हणून नुसतं 'शॉक' लिहिलं, की सर ते खोडायचे. "हे निदान नाही. ही बोंब हाय. मानूस काहून बोंबलून राहिला, ते लिव्हा."

मग शिकवायचे. "रक्त गेलं असंल, तर रक्त द्या. दिल थकलं असंल, तर त्याले जोर द्या. रक्ताच्या नळ्या ढिल्या पडल्या, तर आवळा. पन रक्त भरपूर हाय, दिल धडधाकट हाय, आन् तरी पुढं काही जाऊन नाही राहिलं, तर? तर अडलं हाय. मंग कुठी अडलं ते पाहा. फुप्फुसाबाहेर हवा कोंडली? दिलाच्या पिशवीत पानी भरलं? पिशवीच कडक होऊन आवळली? का फुप्फुसाच्या नळीत रक्ताची गाठ बसली? जिथं अडलं तिथं मोकळं करा. वरून सलाईन ओतत बसाल, तर मानूस तुमच्या डोळ्यांसमोर जाईन."

आणि गळ्याचं वेड होतं ते याचसाठी. हृदयाकडे परत येणाऱ्या रक्ताला पुढे जायला वाट मिळाली नाही, की ते मागे तुंबतं आणि मानेच्या शिरा फुगतात. रक्त वाहून गेलेल्या माणसाच्या शिरा बसलेल्या असतात, अडलेल्याच्या टरारलेल्या. सर म्हणायचे, देवानं ही खिडकी ठेवली आणि माणसानं तिच्यावर गुंडी लावली.

हे सगळं नुसतं पाठ झालेलं होतं, एका दुपारपर्यंत. त्या दुपारी कॅज्युअल्टीत ऑटो उलटून जखमी झालेला एक तरुण आला. बरगड्यांना मार, कपड्यांवर रक्त, रक्तदाब लागत नव्हता. आम्ही तिघे-चौघे त्याच्याभोवती. रक्त गेलंय असं धरून दोन्ही हातांना सलाईन चालू, रक्तपेढीला निरोप गेलेला, एक्स-रेवाल्याची वाट पाहणं चालू. सलाईन जात होती आणि पोरगा निळा पडत होता. सर डबा घेऊन दारावरून चालले होते. थांबले. आत आले. डबा माझ्या हातात दिला.

"पुणं, रक्त गेलेल्याचा गळा असा फुगते काय?"

मी पाहिलं. त्याच्या मानेच्या शिरा करंगळीएवढ्या झाल्या होत्या. श्वासनळी एका बाजूला सरकलेली. सरांनी उजव्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि लगेच काढला. तिकडे काहीच ऐकू येत नव्हतं. फाटलेल्या फुप्फुसातून हवा छातीत शिरत होती, बाहेर यायला वाट नव्हती, आणि त्या कोंडलेल्या हवेनं हृदयाकडे येणाऱ्या शिरा दाबून टाकल्या होत्या.

"एक्स-रे येतोय सर," कुणीतरी म्हणालं.

"एक्स-रे येईन तवा हा गेला राहीन." सरांनी जाड सुई घेतली आणि बरगड्यांच्या मधून छातीत घातली. सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी हवा फुसकन बाहेर आली. आम्ही सगळ्यांनी ती ऐकली. थोड्याच वेळात पोराच्या ओठांवर रंग आला, त्यानं डोळे उघडले आणि पहिला शब्द काढला तो एक सणसणीत शिवी. सर खूश झाले. "बोलून राहिला! आता नळी टाका अन् मंग काढा तुमचा एक्स-रे." माझ्या हातातून डबा घेऊन निघूनही गेले. मुलाची आई कॅज्युअल्टीत पोचली तेव्हा सर जेवत होते.

पण मला सर खरे कळले ते मोझरीच्या अलीकडच्या एका गावात. रविवारी ते आम्हाला जीपमध्ये कोंबून खेड्यांत तपासणीला न्यायचे. त्या दिवशी भजनाच्या मंदिरात टेबल मांडलं होतं. रांग मोठी होती. रांगेच्या बाजूला, भिंतीला टेकून, पन्नाशीतले एक गृहस्थ बसले होते. पोट घागरीसारखं, पाय सुजलेले, हात मात्र काड्या. ते रांगेत येत नव्हते आणि लोकही त्यांच्याजवळ बसत नव्हते. त्यांची बायको पुढे आली.

"साहेब, यायले पाहा ना. पोटातलं पानी काढते, पुन्हा भरते."

रांगेतून कुणीतरी हसून म्हणालं, "ते पानी नोय साहेब, देशी हाय."

बाईनं खालच्या आवाजात जे सांगितलं ते असं. हे गृहस्थ गावच्या मंडळात खंजेरी वाजवायचे, गायचे. व्यसन सोडा म्हणून गावोगाव सांगत फिरणारा माणूस. दोन-तीन वर्षांपूर्वी पोट फुगायला लागलं. डॉक्टरांनी लिव्हर म्हटलं, आणि लिव्हर म्हटल्यावर गावानं दारू म्हटलं. दिवसा उपदेश करतो आणि घरात बसून पितो, अशी बोलवा झाली. मंडळानं त्यांना बोलावणं बंद केलं. मुलीला पाहायला आलेले लोक चहा न घेता उठून गेले. "म्या शपथ घेऊन सांगतलं साहेब, कोनी आयकत नाही. आता तर हे सवताच म्हन्तात, जाऊ दे, पेतो म्हन."

सर उठले आणि त्यांच्यापाशी जाऊन जमिनीवर बसले. पोटाकडे पाहिलंच नाही. त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी काढली. मानेच्या शिरा कानापर्यंत भरलेल्या होत्या.

"मोठा श्वास घ्या भाऊ." श्वास आत घेतला की शिरा उतरायला हव्यात. यांच्या आणखी चढल्या. सरांनी मला खूण केली. "पुणं, पाहून घे. पुन्हा घ्या भाऊ. लहानपनी टीबी झाला होता काय तुमाले?"

"होय जी. तरुनपनी झाला होता."

हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. जुन्या टीबीनं ती कातड्यासारखी जाड आणि कडक झाली होती आणि हृदयाला फुलूच देत नव्हती. रक्त मागे तुंबून पोटात पाणी झालं होतं. लिव्हर बिचारी त्या तुंबण्यानं सुजली होती. दारूचा कुठे संबंधच नव्हता.

"एक विचारू काय?" सर त्यांना म्हणाले. "हे सगळ्यायले सांगू?"

गृहस्थांनी मान डोलावली. सर उठले, भजनाचा माइक घेतला, टिचकी मारून पाहिला, आणि त्यांचा आवाज गावावरच्या कर्ण्यातून घुमला.

"आयका हो. मी अकोल्याचा डॉक्टर बोलून राहिलो. हे तुमचे खंजेरीवाले भाऊ दारू पेत नाहीत. यायच्या दिलाची पिशवी आवळली हाय. हा आजार दारूनं होत नाही. लोकायच्या गोष्टीनं तर अजिबात होत नाही. आमी यायले अकोल्याले नेऊन राहिलो. ज्यायनं ज्यायनं यायले नावं ठेवली, त्यायनं ते परत आले की माफी मागाची. डॉक्टरनं सांगतलं म्हना."

गृहस्थ भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांची पाठ हलत होती. बायको मात्र रांगेकडे तोंड करून, पदर खोचून ताठ उभी होती.

अकोल्याला आणल्यावर सोपं गेलं नाही. आधीच्या औषधांत लघवी होण्याच्या गोळ्या जोरात चालू होत्या. अशा आवळलेल्या हृदयाला रक्ताचा भर कमी पडून चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठताना कोसळले. हातपाय गार, नाडी धाग्यासारखी. सरांनी गोळ्या थांबवल्या, थोडीशीच सलाईन द्यायला लावली आणि दिवसभर वॉर्ड सोडला नाही. दाब सावरला तसे स्वतः रुग्णवाहिकेत बसून त्यांना नागपूरला घेऊन गेले. तिथल्या सर्जननं ती पिशवी सोलून काढली. सर आत ऑपरेशन पाहत उभे होते. परत आल्यावर हाताची दोन बोटं जुळवून दाखवत आम्हाला म्हणाले, "संत्र्याची साल निघाली तशी निघाली बाप्पा! अन् खालून दिल असं उड्या माराले लागलं!"

बऱ्याच महिन्यांनी त्या गावचं बोलावणं आलं. गृहस्थांचं पोट उतरलं होतं, सदरा अंगावर लोंबत होता, आणि ते खंजेरी घेऊन मधोमध बसले होते. माफी कुणी मागितली का ते मला माहीत नाही. मुलीचं जमलं होतं, एवढं मात्र तिच्या आईनं मला तीनदा सांगितलं. सरांना पहिल्या रांगेत बसवलं आणि दुसऱ्या भजनाला ते बसल्या जागी झोपले.

सर निवृत्त होऊन अमरावतीला राहायला आले. मीही तोवर लग्न होऊन इथलीच झाले होते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शाळेत गणित शिकवायच्या. सरांना कोणी गप्प करू शकत असेल तर त्याच. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून जाताना कुत्रं आडवं आलं आणि सर पडले. पायाचं हाड मोडलं, कपाळाला टाके पडले. पायाला प्लास्टर घालून घरी पडून होते. बोटं हलवत राहा, उठून बसत जा, असं सांगितलेलं. ऐकतील तर सर कसले. दिवसभर उताणे पडून क्रिकेट.

एका दुपारी ओपीडीत काकूंचा फोन आला. "आम्ही तुझ्या दवाखान्यात येऊन राहिलो. हे म्हणतात ॲसिडिटी आहे. पण संडासातून येताना भोवळ येऊन पडले, आणि यांचा चेहरा मला काही बरोबर वाटत नाही."

मी आयसीयूत पोचले तेव्हा आमच्या तरुण रजिस्ट्रारनं सलाईन जोरात सोडलेली होती. तिचा बिचारीचा इलाज नव्हता. तिच्या मॅडमचे सर पलंगावर बसून तिला सांगत होते, ॲसिडिटी हाय, उन्हानं पानी कमी पडलं, सलाईन लाव. दाब मात्र उतरत चालला होता.

"ए पुणं, तू कायले ओपीडी सोडून आली?" प्रत्येक शब्दाला धाप लागत होती. "मले काही झालं नाही."

मी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. शिरा टरारून वर आल्या होत्या. छातीला स्टेथोस्कोप लावला, दोन्हीकडे हवा स्वच्छ येत होती. ईसीजीत हार्ट अटॅक नव्हता. इको केला. हृदयाची उजवी बाजू फुगून फुग्यासारखी झाली होती आणि डावी तिच्या दाबानं चेपली होती. प्लास्टरमधल्या पायात धरलेली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसली होती.

"सर, पायातली गाठ वर गेली आहे."

"नाही. ॲसिडिटी."

"सर, गप्प बसा."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं बोलले. ते गप्प बसले, पण माझं ऐकून नाही. त्यांचे डोळे फिरले आणि मान कलंडली. दाब लागेना. सीटी स्कॅनला वर नेण्याइतकाही अवधी नव्हता. गाठ विरघळवणारं इंजेक्शन हाताशी होतं, पण वय सत्तरीचं, आणि कपाळाचे टाके नुकतेच निघालेले. त्या इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव झाला असता, तर मीच त्यांना मारलं असतं.

सलाईन थांबवायला सांगून मी बाहेर आले आणि काकूंना दोन्ही बाजू सांगितल्या. काकूंनी शांतपणे ऐकलं.

"यांच्या जागी दुसरा कोणी पेशंट असता, तर यांनी काय केलं असतं?"

"लगेच दिलं असतं."

"मग मले काय विचारून राहिली? जा ना."

इंजेक्शन दिलं. दाब टिकवायचं औषध चालू केलं. मग मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. हिरड्यांतून थोडं रक्त आलं. कपाळावरची जुनी जखम काळीनिळी झाली. त्यांच्या बुबुळांवर मी इतक्या वेळा टॉर्च मारला, की शेवटी रजिस्ट्रारनं तो माझ्या हातून काढून घेतला. उन्हं उतरता उतरता दाब चढू लागला. आधी इतका हळू, की मला तो भास वाटला. मग मी त्यांच्या पावलाला हात लावला. पाऊल कोमट होतं.

घरी जायच्या दिवशी सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी राउंडला आले तर त्यांनी रजिस्ट्रारला आणि सगळ्या इंटर्न पोरापोरींना आधीच गोळा केलेलं.

"पोट्टेहो, त्या दिवशी इथं एका म्हाताऱ्या डॉक्टरनं चुकीचं निदान केलं," त्यांनी सुरुवात केली. "पायाले प्लास्टर, एकाएकी दम, भोवळ, गळ्याच्या शिरा वर. सगळं समोर होतं. अन् तो म्हने ॲसिडिटी. ही पोरगी त्याचं आयकत बसली, कारन तो मोठा सर. चूक त्याची होती, हिची नाही. उद्यापासून कोनताही पेशंट, तो कोनीही असो, सवताचं निदान सांगून राहिला तर आयकून घ्या, अन् मंग त्याले तपासा."

रजिस्ट्रारच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिनं घाईघाईनं विचारलं, "पण सर, तुम्हाला त्या वेळी नेमकं काय वाटत होतं? आतून?"

मला वाटलं, आता सर लक्षणं सांगतील. छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, असं काही. सर चादरीच्या काठाशी चाळा करत राहिले. त्यांना उत्तरासाठी थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"घाबरलो होतो माय," शेवटी ते म्हणाले. "मी मरून राहिलो, हे मले समजत होतं. म्हनून मी दुसरं काहीतरी म्हनत होतो."

खिडकीपाशी काकू त्यांचे कपडे पिशवीत भरत होत्या. हातातला सदरा तसाच धरून त्या वळल्या.

"मग तसं सांगाचं ना मले, भेव लागते म्हणून," त्या म्हणाल्या. "मी बाजूलेच तर बसली होती."

सरांनी त्यांच्याकडे हात पुढे केला, आणि आम्ही सगळे राउंड अर्धवट सोडून बाहेर आलो.